कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया : आत पोहोचण्याचा इतिहास की वाट पुन्हा बंद करण्याचा?

पानगळ (धागाकर्ता)

कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी जिथे जिथे वाचला, तिथे तो उपकरणांच्या क्रमाने मांडलेला आढळला. आधी कपाळावरचा दिवा, मग सूक्ष्मदर्शक, मग एंडोस्कोप (शरीरात आत घालायची बारीक दुर्बीण), मग संगणकाच्या साहाय्याने दिशादर्शन, आणि प्रत्येक उपकरणागणिक शल्यविशारद थोडे अधिक खोल गेले, अशी ती हकिकत असते. ती खोटी नाही, पण मला ती अपुरी वाटते.

मेंदू ज्या हाडांच्या पायावर टेकलेला असतो, तो कवटीचा तळ. त्याच्या वरच्या बाजूला मेंदू आणि त्याला वेढणारा निर्जंतुक द्रव असतो. खालच्या बाजूला नाक, सायनस आणि घसा, म्हणजे जंतूंचा कायमचा वावर असलेल्या पोकळ्या असतात. आणि या दोहोंमध्ये काही ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसलेले हाड असते. त्याच हाडांमधून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड रोहिण्या वर चढतात आणि मेंदूच्या नसांच्या बाराही जोड्या बाहेर पडतात.

१८८० च्या दशकात रोममध्ये फ्रांचेस्को दुरांते यांनी एका स्त्रीच्या कवटीच्या पुढच्या तळावरची, वासाच्या नसांच्या खोबणीतून वाढलेली गाठ काढली आणि १८८७ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गाठीच्या जागी उरलेल्या पोकळीतला स्राव वाहून जावा म्हणून त्यांनी नळी खाली नाकात सोडली होती. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीही ती स्त्री बरी झाली आणि पुढे अनेक वर्षे जगली. म्हणजे तिथवर पोहोचणे तेव्हाही अशक्य नव्हते. मग पुढची सव्वाशे वर्षे कशात गेली?

माझे मत असे की ती मुख्यतः नाक आणि मेंदू यांच्यामध्ये उघडलेली वाट द्रव झिरपणार नाही अशा रीतीने पुन्हा बंद करायला शिकण्यात गेली. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना, अभ्यासकांना आणि रुग्णांनाही हे पटते का, ते जाणून घ्यायला आवडेल.

नासिकाग्र

उत्तम विषय. मी कान-नाक-घसा शल्यविशारद आहे, त्यामुळे नाकाच्या वाटेबद्दल प्रथम लिहितो.

१६ मार्च १९०७ रोजी इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथीची गाठ प्रथमच नाकामागच्या स्फेनॉइड सायनसमधून जाऊन काढली. त्यासाठी त्यांनी बाहेरचे संपूर्ण नाक एका बाजूला वळवले आणि आतले पडदे व हाडे बरीच काढून टाकली. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला, मात्र सुमारे अडीच महिन्यांनी दगावला, आणि गाठीचा बराचसा भाग वर मेंदूच्या दिशेने तसाच राहिलेला होता, असे शवविच्छेदनात दिसले. यानंतर तीनच वर्षांत, १९१० साली, व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श यांनी चेहऱ्यावर कोणताही छेद न घेता, नाकपुडीतूनच, नाकाच्या पडद्याच्या बाजूने आणि केवळ कोकेनने जागा बधिर करून तिथवर जाण्याची रीत दाखवली. हिर्श आमच्या शाखेचे होते आणि त्यांनी ही वाट आयुष्यभर सोडली नाही; १९३८ नंतर बॉस्टनला स्थलांतरित झाल्यावरही ते त्याच रीतीने काम करत राहिले.

पानगळ यांच्या मताला पुष्टी देणारी एक गोष्ट म्हणजे त्या काळातली संसर्गाची धास्ती. मेंदूभोवतीच्या द्रवात उतरते आणि जंतू मारते, या समजुतीने शस्त्रक्रियेआधी युरोट्रोपिन नावाचे औषध दिले जाई. वाट उघडी राहण्याचे भय किती मोठे होते, हे त्यावरून कळते.

शमी

नासिकाग्र यांनी नाकाची बाजू घेतली हे त्यांच्या नावाला साजेसेच झाले! मी न्यूरोसर्जन असल्याने वरच्या बाजूने उत्तर देतो, आणि धाग्याच्या मुख्य मताशी माझा मतभेदही नोंदवतो.

हार्वे कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात पिट्युटरीच्या २३१ गाठींवर नाकाच्या वाटेने शस्त्रक्रिया केल्या. ते वरच्या ओठाखाली छेद घेत आणि नाकाच्या पडद्यालगत आत जात. त्यांचा मृत्युदर ५.६ टक्के होता. प्रतिजैविके आणि कॉर्टिझोन नसतानाचा हा आकडा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हातांचे मोल कळते. आणि तरीही १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुशिंग यांनी ही वाट सोडून कवटी उघडून वरून जाणे पत्करले.

का सोडली? वाट बंद होत नव्हती म्हणून नव्हे. अरुंद, खोल आणि अंधाऱ्या पोकळीच्या टोकाशी जे काही करायचे ते जवळजवळ न पाहता करावे लागे. गाठ वर डोळ्यांच्या नसांपर्यंत पोहोचलेली असेल तर खालून ती पूर्ण निघत नसे, पुन्हा वाढे, आणि वरून गेल्यास दृष्टी अधिक खात्रीने सुधारते असा त्यांचा अनुभव होता. शिवाय कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया तोवर त्यांच्याच हातून पुष्कळ सुरक्षित झाली होती, आणि १९२६ पासून विजेने रक्तस्राव थांबवण्याचे साधनही त्यांच्या हाती आले. तात्पर्य, अडसर होता तो दिसण्याचा.

कुतूहल

धाग्याची वाखूण साठवली आहे. एक प्रश्न पडला. कुशिंग यांच्यासारख्या दिग्गजाने वाट सोडल्यावर बाकीच्यांनीही सोडली असणार. मग आज पिट्युटरीच्या बहुतेक गाठी नाकातूनच काढतात, त्या वाटेचे पुनरुज्जीवन झाले तरी कसे?

पानगळ

कुतूहल, या संपूर्ण इतिहासातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग तुम्ही विचारलात.

एडिंबराचे नॉर्मन डॉट हे १९२३-२४ च्या सुमारास कुशिंग यांच्याकडे शिकायला गेले होते. गुरूंनी पुढे वाट सोडली, शिष्याने सोडली नाही. डॉट यांनी नाकातून घालायच्या उपकरणालाच दिवे बसवून घेतले आणि शांतपणे, फारसा गाजावाजा न करता, ते काम करत राहिले. १९५६ साली पॅरिसचे जेरार गिओ त्यांना भेटायला गेले, ती रीत पाहून प्रभावित झाले, आणि परतल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरणांच्या पडद्यावर उपकरणाची जागा पाहण्याची सोय तीत जोडली. पुढे गिओ यांच्याकडे शिकायला आलेले जूल्स हार्डी ही रीत माँट्रियलला घेऊन गेले आणि १९६० च्या दशकात त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. निरोगी ग्रंथी जागच्या जागी ठेवून काही मिलिमीटरची गाठ तेवढी वेगळी काढता येते, हे हार्डी यांनी दाखवल्यावर पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेचे उद्दिष्टच बदलले. तोवर दृष्टी वाचवणे हे ध्येय होते; आता संप्रेरकांचा आजार मुळापासून बरा करणे शक्य झाले.

एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना ही विद्या काही काळ अक्षरशः दोन-तीन माणसांच्या हातांवर तगून राहिली. डॉट यांनीही कंटाळून ती सोडली असती, तर कुणाला तरी ती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागली असती.

निद्रादेवी

मी भूलतज्ज्ञ आहे. पानगळ यांनी सांगितलेल्या परंपरेत एक दुवा राहून गेला आहे.

गिओ आणि हार्डी यांच्या काळातच ही वाट का फळाला आली, याचे उत्तर शल्यगृहाबाहेरही आहे. पिट्युटरीला धक्का पोहोचला की शरीरातले कॉर्टिसॉल घटते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात ते पुरेसे नसेल तर रक्तदाब कोसळून रुग्ण दगावतो. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन औषध म्हणून उपलब्ध झाले आणि हा मृत्यू टाळता येऊ लागला. त्याआधीच्या दशकात पेनिसिलिन आले होते, त्यामुळे मेंदुज्वराची टांगती तलवार काहीशी दूर झाली. श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे तंत्रही स्थिरावले, त्यामुळे नाकातोंडात रक्त असताना श्वासमार्ग सुरक्षित राहू लागला. शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिताना हे सारे पार्श्वभूमीत ढकलले जाते, आणि मला ते अन्यायाचे वाटते. श्लोफर आणि हार्डी यांच्या कौशल्यातल्या फरकापेक्षा त्यांच्या रुग्णांना मिळू शकलेल्या औषधांतला फरक कदाचित मोठा असेल.

दुर्बीण

निद्रादेवी यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्याच न्यायाने क्ष-किरणशास्त्राचीही नोंद घ्यावी अशी विनंती.

श्लोफर यांच्या काळात क्ष-किरणांनी दिसत असे ते फक्त हाड. पिट्युटरीची खोबण रुंदावली आहे, इतकेच त्यावरून कळे. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची पद्धत काढली, एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये रोहिण्यांची चित्रे घेतली. या दोन्हींतून दिसे ती गाठीची सावली, म्हणजे तिने कोणत्या पोकळीला वा रोहिणीला ढकलले आहे, एवढेच. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि गाठ स्वतः दिसू लागली. एमआरआय आणि त्यानंतर गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे गॅडोलिनियम आल्यावर कानाच्या हाडातल्या नलिकेत दडलेली काही मिलिमीटरची गाठही सुटेनाशी झाली. कुठे जायचे आणि कुठे थांबायचे, हे आत शिरण्यापूर्वी ठरवता येणे यापेक्षा मोठा बदल मला तरी दिसत नाही.

सायली

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, रुग्ण म्हणून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी माझी श्रवणाच्या नसेवरची गाठ, म्हणजे ॲकॉस्टिक न्यूरोमा, काढण्यात आली. त्या कानाने मला ऐकू येत नाही, पण चेहरा दोन्ही बाजूंनी हसतो.

हा धागा वाचताना जाणवले की आत पोहोचणे आणि वाट बंद करणे, या दोन्ही गोष्टी शल्यविशारदाच्या बाजूच्या आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी मी विचारलेले प्रश्न निराळे होते. डोळा मिटेल का? घास गिळता येईल का? उभी राहिले की तोल जाईल का? गाठीबरोबर काय जाणार आणि काय राहणार, याचा इतिहास कुणी सांगू शकेल का?

शमी

सायली, तुमचा प्रश्न या धाग्याचा कणा ठरावा, इतका महत्त्वाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या गाठीवरची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यूच होता. त्या काळातल्या नामांकित शल्यविशारदांच्या हातूनही बहुसंख्य रुग्ण दगावत, कारण बोट घालून गाठ उकरून काढण्याची रीत होती आणि त्या ओढाताणीत मेंदूच्या देठाला (ब्रेनस्टेमला) रक्त पुरवणारी रोहिणी फाटे. कुशिंग यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात निराळी दिशा दाखवली. गाठीचे आवरण जागेवर ठेवायचे, आतला गर तेवढा काढायचा, देठावरचा दाब कमी करायचा आणि थांबायचे. मृत्युदर सुमारे २० टक्क्यांपर्यंत खाली आला, पण राहिलेली गाठ पुन्हा वाढे. त्याच सुमारास डँडी यांनी आवरणासकट संपूर्ण गाठ काढून दाखवली. रुग्ण बरा होई, परंतु त्या बाजूचा चेहरा लुळा पडणे ही त्याची जवळजवळ ठरलेली किंमत होती. जीव, गाठ आणि चेहरा ही तिन्ही एकाच वेळी साधत नव्हती.

या दोघांमधला वाद कटू होता आणि तो पुढच्या काही पिढ्यांनी वारशाने चालवला. मला मात्र वाटते की दोघेही आपापल्या काळातल्या प्रकाशात दिसत होते तेवढ्यापुरते बरोबर होते.

नासिकाग्र

इथून पुढचे मी सांगतो, कारण तिसरी वाट कानातून निघाली.

सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेत प्रथम आणला तो कानाच्या शल्यविशारदांनी. स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ नीलेन यांनी १९२१ साली एका डोळ्याने पाहायचा सूक्ष्मदर्शक वापरला, आणि १९५३ मध्ये झाइस कंपनीचा दोन्ही डोळ्यांनी पाहायचा शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शक बाजारात आला. न्यूरोसर्जरीत तो १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला थिओडोर कर्झ यांनी वापरला. म्हणजे शेजारच्या शल्यगृहात असलेले उपकरण पलीकडच्या शल्यगृहात पोहोचायला ३६ वर्षे लागली.

त्याच शहरात विल्यम हाउस होते. ते वैद्यक शिकण्यापूर्वी दंतवैद्य झाले होते, त्यामुळे दातांचे ड्रिल त्यांच्या हातात बसलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्याची धार सोडत, कानामागचे हाड कणाकणाने कोरून आतल्या कानातून थेट गाठीपर्यंत जाण्याची रीत त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी उभी केली. या वाटेने श्रवण जाते, पण चेहऱ्याची नस हाडातल्या तिच्या ठरलेल्या जागी आधीच सापडते, आणि ती हाती लागली की गाठीपासून सोडवता येते. सायली यांच्या चेहऱ्याचा इतिहास इथे सुरू होतो.

हाउस यांना विरोधही मोठा झाला. कानाच्या डॉक्टरने मेंदूच्या आवरणाच्या आत का जावे, असा तो आक्षेप होता. त्यांच्याबरोबर उभे राहिले ते न्यूरोसर्जन विल्यम हिट्सेलबर्गर. दोघांनी मिळून पुढे १९७९ साली दोन्ही बाजूंना गाठी असलेल्या रुग्णासाठी थेट मेंदूच्या देठावर बसवायचे श्रवणयंत्रही बसवले. एका शाखेने हाड कोरायचे आणि दुसरीने मेंदूकडची बाजू सांभाळायची, ही आज सर्वमान्य झालेली विभागणी त्या जोडीने रूढ केली.

शमी

हाउस यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण आतल्या कानाचा बळी देणे अपरिहार्य नाही, हेही नोंदवायला हवे. कवटीच्या मागच्या बाजूने, लहान मेंदूच्या कडेने जाणाऱ्या जुन्या वाटेवरच सूक्ष्मदर्शक आणि नसांचे विद्युत-निरीक्षण आणून हॅनोव्हरचे माजिद सामी यांनी १९९७ साली १,००० गाठींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात ९३ टक्के गाठी काढताना चेहऱ्याची नस अखंड राखता आली, आणि आधी ऐकू येत असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांत श्रवणही टिकले. मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास होता. अर्थात नस अखंड राहिली म्हणजे ती लगेच काम करतेच असे नाही, आणि हा फरक रुग्णाला आधीच सांगितला पाहिजे.

सायली

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर का होते, हे आज प्रथमच नीट समजले.

शोधयात्री

माझा विषय शरीररचनाशास्त्र आहे. उपकरणे, औषधे, चित्रे या सगळ्यांची बाजू इथे मांडली गेली. मृतदेहांची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

फ्लोरिडाचे ॲल्बर्ट ऱ्होटन यांनी दशकानुदशके रोहिण्यांत लाल आणि नीलांत निळा रंग भरून, सूक्ष्मदर्शकाखाली कवटीच्या तळाचे विच्छेदन केले. कोणत्या नसेपासून कोणती रोहिणी किती मिलिमीटरवर आहे, याची मोजमापे त्यांच्या प्रयोगशाळेने दिली आणि जगभरातले तरुण शल्यविशारद तिथे शिकून गेले. ताकेशी कावासे यांनी १९८५ मध्ये मांडलेली, कानाच्या हाडाचे पुढचे टोक कोरून मेंदूच्या देठापुढे जाण्याची वाट घ्या किंवा झुरिखच्या उगो फिश यांनी १९७० च्या दशकात कानाखालच्या खोल भागासाठी आखलेल्या वाटा घ्या. त्या प्रथम विच्छेदनाच्या टेबलावर सिद्ध झाल्या. ज्या माणसांनी मरणोत्तर आपला देह दिला, त्यांची नावे कुठल्याही इतिहासात येत नाहीत. या क्षेत्रातला प्रत्येक मिलिमीटर त्यांचा ऋणी आहे.

कुतूहल

शोधयात्री, फार महत्त्वाचे लिहिलेत. कॅव्हर्नस सायनसबद्दलही सांगाल का? तिथे शस्त्रक्रिया करूच नये असे एकेकाळी मानत, असे वाचले होते.

शोधयात्री

पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंना असलेला हा नीलांचा कप्पा आहे. त्याच्या आतून कॅरोटिड रोहिणी जाते आणि डोळा हलवणाऱ्या नसा त्याच्या भिंतीतून व पोकळीतून जातात. विनिपेगचे ड्वाइट पार्किन्सन यांनी १९६५ मध्ये शरीर थंड करून आणि हृदय काही काळ थांबवून आत जाण्याची रीत दाखवली. १९८३ साली ल्युब्लियानाचे विन्को दोलेंक यांनी हृदय न थांबवता, हाड कोरून आणि आवरणाचे थर सोडवून तिथे जाता येते हे सिद्ध केले, आणि पुढचे दशकभर या कप्प्यातल्या गाठी समूळ काढण्याची जणू लाटच आली.

मला या इतिहासात खरे मोठेपण दिसते ते त्या लाटेच्या ओसरण्यात. रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर दिसू लागले की मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी सौम्य गाठ, समूळ काढण्याच्या हट्टापायी अनेकांना दुहेरी दिसू लागते, पापणी पडते, आणि गाठ तरीही कधीकधी परत येते. लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडलेली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस गॅमा नाइफच्या रूपाने प्रत्यक्षात आलेली किरणशस्त्रक्रिया तोवर सर्वत्र उपलब्ध होऊ लागली होती. ज्यांनी तिथे जाण्याच्या वाटा शोधल्या होत्या, त्यांच्यापैकीही अनेकांनी मग आतला भाग तसाच ठेवून बाहेरचा तेवढा काढणे आणि उरलेल्यावर किरण देणे स्वीकारले.

पानगळ

शोधयात्री यांच्या या प्रतिसादाने मी विचारात पडलो आहे. तरीही माझ्या मूळ मताच्या समर्थनार्थ कर्करोगाचे उदाहरण देतो.

सायनसमधला कर्करोग वर मेंदूच्या आवरणाला भिडला की पूर्वी तो शस्त्रक्रियेपलीकडचा मानत. १९५० च्या दशकात चेहऱ्याकडून आणि कवटीकडून एकाच वेळी जाऊन मधले हाड एकसंध काढण्याचे प्रयत्न झाले, आणि १९६३ मध्ये आल्फ्रेड केचम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. गाठ निघत होती. पण मेंदूखाली भले मोठे भगदाड राही, आणि द्रवाची गळती, मेंदुज्वर, मेंदूत पू होणे या तक्रारी वारंवार उद्भवत. कवटीवरच्या हाडाचे रक्तपुरवठा असलेले आवरण सोडवून ते भगदाडाखाली अंथरण्याची रीत रूढ झाल्यावरच ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने स्थिरावली.

नासिकाग्र

आणि हेच नाट्य चाळीस वर्षांनी नाकात पुन्हा घडले, त्यामुळे या मुद्द्यावर मी पानगळ यांच्या बाजूने आहे.

एंडोस्कोप आमच्याकडे आधीपासून होता. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदंडांच्या रचनेमुळे त्याचे चित्र लख्ख झाले, ग्राझच्या वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी त्याने नाकाचा अभ्यास केला, आणि सायनसच्या शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात त्यावर होऊ लागल्या. पिट्स्बर्गचे हे-डाँग जो आणि रिकार्डो कराऊ यांनी १९९७ मध्ये पिट्युटरीच्या ५० रुग्णांचा वृत्तांत दिला. नेपल्स आणि बोलोन्या येथेही समांतर काम चालू होते. शमी यांनी सांगितलेला न दिसण्याचा अडसर इथे संपला, कारण डोळाच जणू गाठीजवळ जाऊन बसला. त्यानंतर कसाम, स्नायडरमन, कराऊ प्रभृतींनी २००५ च्या सुमारास नाकातूनच पुढे कपाळाच्या हाडापर्यंत आणि मागे मानेच्या पहिल्या मणक्यांपर्यंत जाण्याच्या वाटा पद्धतशीर मांडल्या.

पोहोचणे झाले. आणि तिथेच काम अडले. सुरुवातीच्या मालिकांत या विस्तारित शस्त्रक्रियांनंतर पाचांपैकी एका रुग्णाला, काही ठिकाणी त्याहूनही अधिक जणांना, मेंदूच्या द्रवाची गळती होत असे. २००६ साली अर्जेंटिनातल्या रोसारियोचे हदाद आणि बसागास्तेगी यांची रीत प्रसिद्ध झाली. नाकाच्या पडद्यावरचे अस्तर त्याच्या मागच्या रोहिणीसकट सोडवायचे, आणि शेवटी तेच जिवंत अस्तर भगदाडावर पसरायचे. त्या पहिल्या वृत्तांतात ४३ रुग्णांत गळती सुमारे ५ टक्क्यांवर आली. आज जगभर नाकातून ज्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात, त्या या अस्तराच्या बळावर होतात असे मी निःसंकोच म्हणेन.

सेवाव्रती

मी अनेक वर्षे या रुग्णांची परिचारिका होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आम्ही रुग्णाला पुढे वाकून बसायला सांगत असू आणि नाकातून स्वच्छ पाण्यासारखा थेंब पडतो का ते पाहत असू. थेंब पडला की तो बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या तपासणीला जाई, कारण साध्या शेंबडात ते प्रथिन नसते. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवा, शौचाला जोर करू नका, हे दिवसातून कितीतरी वेळा सांगावे लागे. अस्तर पसरण्याची रीत रूढ होण्याआधी गळती थांबवण्यासाठी पुन्हा शल्यगृहात न्यावे लागलेले रुग्ण, आणि त्यांच्या घरच्यांचे उतरलेले चेहरे, मला चांगले आठवतात. त्यामुळे हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे.

शमी

सेवाव्रती यांच्या अनुभवापुढे मी नम्र आहे आणि माझे मत थोडे बदलतो. दिसू लागले नसते तर कुणी एवढे मोठे भगदाड पाडलेच नसते, आणि बंद करता आले नसते तर ते पाडण्याचा अधिकार कुणाला मिळाला नसता.

मात्र एक अडचण अद्याप तशीच आहे, ती कॅरोटिड रोहिणीची. नाकातून काम करताना तिला इजा झाली तर क्षणार्धात कॅमेरा रक्ताने झाकला जातो. ठेचलेल्या स्नायूचा तुकडा दाबून धरणे हा त्यावरचा विश्वासार्ह तातडीचा उपाय आहे, आणि ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मेंढ्यांवर त्याचा सराव करवून घेणारे प्रशिक्षण सुरू झाले ते याच कारणाने. हा प्रसंग दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याचा सराव रुग्णावर होऊ शकत नाही.

वाटसरू

सर्व प्रतिसाद वाचले. माझ्या जवळच्या नातेवाइकांना कवटीच्या तळाच्या मध्यभागी, क्लायव्हस या हाडात, कॉर्डोमा (हाडात वाढणारी एक दुर्मीळ गाठ) असल्याचे निदान झाले आहे. नाकातून की बाजूने, असा निर्णय व्हायचा आहे. या इतिहासातून आम्ही काय विचारायला शिकावे?

शमी

वाटसरू, प्रत्यक्ष तपासण्या पाहिल्याशिवाय सल्ला देणे योग्य नाही, पण कोणते प्रश्न विचारावेत ते सांगता येईल. कॉर्डोमा नसांना बाजूला ढकलत मध्यरेषेत वाढतो, त्यामुळे समोरून, नाकाच्या वाटेने गेल्यास नसा ओलांडाव्या लागत नाहीत. गाठ कॅरोटिडच्या किंवा नसांच्या पलीकडे बाजूला पसरली असेल, तर बाजूची वाट किंवा दोन्ही वाटा लागू शकतात. तेव्हा गाठ नसांच्या कोणत्या बाजूला आहे, हे प्रथम विचारा. ज्या चमूकडे तुम्ही जाल, त्यात कान-नाक-घसा शल्यविशारद आणि न्यूरोसर्जन एकत्र काम करतात का, आणि ते दोन्ही वाटांनी जाऊ शकतात का, हेही विचारा. ज्याला एकच वाट येते, त्याला प्रत्येक गाठ त्याच वाटेवरची वाटण्याचा संभव असतो.

दुर्बीण

त्यात एक भर. कॉर्डोमा पुन्हा उद्भवण्याची प्रवृत्ती असलेली गाठ आहे, आणि साध्या किरणांच्या कमी मात्रेला ती दाद देत नाही. १९७० च्या दशकात हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर अशा रुग्णांना प्रोटॉन किरण द्यायला सुरुवात झाली, कारण ते ठरावीक खोलीवर थांबतात आणि पलीकडच्या मेंदूच्या देठाला मोठी मात्रा पोहोचत नाही. किरणोपचार तज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेनंतर न घेता आधीच घ्या. देठ आणि गाठ यांच्यात थोडे अंतर मोकळे करून मिळाले तर त्यांना पुरेशी मात्रा देता येते, आणि तसे हवे असल्याचे शल्यविशारदांना आधी कळलेले बरे.

वाटसरू

शमी आणि दुर्बीण, दोघांचे आभार. हे सगळे प्रश्न लिहून घेतले आहेत. पुढच्या भेटीपूर्वी किरणोपचार तज्ज्ञांची वेळ घेत आहोत.